वेशीआतली भीती

डॅनी बॉयल आणि लेखक अ‍ॅलेक्स गारलंड यांच्या '२८ इयर्स लेटर' त्रयीचा शेवटचा भाग अजून यायचा आहे. पहिला २०२५ च्या जूनमध्ये आला, दुसरा २०२६ च्या जानेवारीत. मूळ गोष्ट मात्र २००२ ची. या पाव शतकात पडद्यावरची साथ एकदा आपल्या दारातही येऊन गेली. त्यामुळे जालन्याच्या घनसावंगी तालुक्यात बसून या मालिकेचा मागोवा घ्यायचा, तर करोनाची मधली दोन वर्षं ओलांडून पुढे जाता येत नाही.

२००२ चा '२८ डेज लेटर' हा तसा स्वस्तातला चित्रपट. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतल्या चिंपांझींमधून एक विषाणू सुटतो आणि बाधा झालेला माणूस काही क्षणांत पिसाळतो. ही मढी उठून चालत नाहीत. ती जिवंत, आजारी माणसं आहेत आणि ती धावतात. सायकलवरून टपाल पोचवणारा जिम लंडनच्या दवाखान्यात २८ दिवसांनी शुद्धीवर येतो, तेव्हा शहर ओस पडलेलं असतं. वेस्टमिन्स्टर पुलावरचं ते दृश्य पहाटे, रहदारी काही मिनिटं थोपवून टिपलं. त्यासाठी लहान डिजिटल कॅमेरे वापरले, कारण ते पटकन लावता आणि उचलता येत.

पण या चित्रपटाचा गाभा उत्तरार्धात आहे. मँचेस्टरजवळ सैनिक रेडिओवरून आसरा देऊ करतात. तिथे पोचल्यावर कळतं, की सोबतच्या बाईला आणि मुलीला खरा धोका फाटकाच्या आतच आहे. २००७ च्या '२८ वीक्स लेटर'मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. लंडनच्या एका कोपऱ्यात माणसं पुन्हा वसवली जातात, अमेरिकी फौज पहारा देते आणि साथ परत फुटल्यावर बाधित-निरोगी न पाहता सगळ्यांवरच गोळ्या चालवते.

आपल्याकडे झोंबीपटांचा हा प्रकार हसत हसत आला. २०१३ चा 'गो गोवा गॉन' निव्वळ धमाल होता. आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ ला आला, तेव्हा राज्यातली चित्रपटगृहं निम्म्याच खुर्च्या भरत होती. त्यात रोग पाण्यातून पसरतो, एका बाजूला सोसायट्या आणि दुसऱ्या बाजूला वस्ती. २०१३ चा दुष्काळ टँकरवर काढलेल्या जालना जिल्ह्याला, पाण्यापासून सुरू होणारं संकट समजावून सांगावं लागत नाही.

आता मधली दोन वर्षं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे तेव्हा घनसावंगीचेच आमदार होते, म्हणून रोजचे आकडे ऐकताना इकडे टीव्हीचा आवाज जरा मोठाच असायचा. महिना सरायच्या आत गावोगावच्या रस्त्यांवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. बाजूला खुर्ची टाकून दोन पोरं बसलेली, हातात वही: कोण आलं, कुठून आलं, कोणाकडे चाललं. पुण्या-मुंबईहून आलेला पोरगा चौदा दिवस झेडपीच्या शाळेत. ऊसतोडीला गेलेल्यांचे हाल याहून वाईट. लाखाहून जास्त मजूर कारखान्यांच्या तळावर अडकले. एप्रिलच्या मध्यावर सरकारने घरी परतायची परवानगी दिली, पण गावात घेणार का, हा प्रश्न उरलाच. ज्यांच्या जिवावर गळीत हंगाम चालतो, त्यांना कोप्या मोडून आल्यावर स्वतःच्या गावाबाहेर पुन्हा पाल ठोकावं लागलं.

आणि ८ मे. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर घरी जायची गाडी मिळेल म्हणून भुसावळकडे पायी निघाले होते. रुळांच्या कडेने चालत करमाडजवळ थकून रुळावरच टेकले आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. सकाळी रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. या सोळांपैकी कोणाला करोनाने नेलं नव्हतं.

संकट वेशीबाहेर ठेवायची ही रीत जुनी आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवायचा, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. रोग घालवायचा म्हणजे शेजाऱ्याकडे लोटायचा, हा व्यवहार कोणालाच वावगा वाटत नव्हता.

म्हणून २०२५ चा '२८ इयर्स लेटर' पाहताना आपल्याला गाव ओळखीचं वाटतं. ब्रिटनची मुख्य भूमी अख्खी विलग केलेली. एका बेटावर मोजकी माणसं तटबंदीमागे राहतात, भरती आली की बाहेरची वाट पाण्याखाली जाते. वेशीबाहेर एक डॉक्टर आहे, केल्सन. बेटावरच्यांच्या मते तो वेडा, कारण तो प्रेतं गोळा करतो. बारा वर्षांचा स्पाइक आजारी आईला घेऊन त्याच्याकडे जातो, तेव्हा खरं काम दिसतं: केल्सन हाडं स्वच्छ करून कवट्यांचा स्तंभ रचतोय आणि त्यात बाधित कोण, निरोगी कोण, हा भेद नाही. तो मेलेल्यांचा हिशेब ठेवतोय. ज्यांनी आपला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लांबून पाहिला आणि ज्यांचा दहावा-तेरावा चार माणसांत उरकला, त्यांना या वेड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. २००२ च्या भागात मेलेल्यांसाठी थांबायला कोणाला सवडच नव्हती. माझ्या मते मालिका खरी मोठी झाली ती इथे.

निया डाकोस्टाच्या 'द बोन टेम्पल'ने पुढचं पाऊल टाकलं. केल्सन एका धिप्पाड बाधितावर औषधोपचार करून पाहतो आणि त्याच्यातला माणूस थोडा जागा होतो. शेवटी जिमही परत दिसतो. इथून मागे पाहिलं, की पूर्वीच्या भागांतला प्रत्येक नेमबाज अडचणीत येतो. बाधित बरा होऊ शकत असेल, तर इतकी वर्षं जे मारले ते शत्रू नव्हते, रुग्ण होते.

येणाऱ्या भागापुढचं काम त्यामुळे अवघड आहे. विषाणू कसा संपला, हे कोणताही पटकथाकार दोन दृश्यांत दाखवील. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यासमोर आतल्यांनी कसं उभं राहायचं, हे दाखवणं कठीण. आमच्याकडे काट्या निघाल्या, शाळा भरल्या, दुसऱ्या हंगामाला टोळ्या परत उसाला गेल्या. पण त्या वेळी कोणी कोणाला अडवलं, याची बोलणी अजून कुठल्याच पारावर झाली नाहीत. ती बोलणी पडद्यावर झाली, तर हा भाग आमच्याकडेही पाहण्यासारखा ठरेल.