खोडदच्या दुर्बिणीला एक सेकंद का महाग पडतो?

आपल्या फोनवर पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा यूटीसी म्हणजे जागतिक वेळेत रात्रीचे बारा वाजतात. बहुतेक ॲप वेळ यूटीसीतच साठवतात आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतात. सोपं वाटतं ना? मग जुन्नर तालुक्यातल्या खोडदला चला.

तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना पल्सार ताऱ्यांचे ठोके टिपतात. काही पल्सारचे सेकंदाला शेकडो ठोके पडतात. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यात इथल्या नोंदीही होत्या. इथे वेळ एका सेकंदाने चुकली, तर सगळा हिशेबच कोलमडेल.

आणि घोळ नेमका सेकंदाचाच आहे! पृथ्वी एकसारख्या वेगानं फिरत नाही, म्हणून अधूनमधून यूटीसीत एक जादा ‘लीप सेकंद’ घालतात. १९७२ पासून असे २७ झाले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला आला: ५:२९:५९ नंतर ५:२९:६०, मग ५:३०. गंमत म्हणजे, फोन आणि सर्व्हर ज्या युनिक्स वेळेवर चालतात, तिच्यात या सेकंदाला स्वतंत्र आकडाच नाही. मला विचाराल तर ही सरळसरळ पळवाट आहे. रीलला फरक पडत नाही, पल्सारला पडतो. म्हणून खगोलशास्त्राचं सॉफ्टवेअर लीप सेकंदांची यादी जवळ ठेवून प्रत्येक नोंद दुरुस्त करतं.

२०३५ पर्यंत लीप सेकंद थांबवायचं ठरलंय. जुन्या नोंदींतले २७ मात्र मोजावेच लागणार.