शर्यतीच्या घोड्यांचे संरक्षण : अमेरिकेतील सुधारणा

थरोब्रेड ही घोड्याची जात सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडात निपजविण्यात आली, आणि तिची वंशावळ १७९१ पासून छापील नोंदवहीत ठेवली जाते. मुंबई, पुणे, हैदराबाद व बंगळूर येथील शर्यतींत धावणारे घोडे याच जातीचे होत. या जातीच्या शर्यतींचा फार मोठा व्यवसाय अमेरिकेत चालतो. तेथे गेल्या काही वर्षांत घडून आलेल्या सुधारणा जनावरे पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोग्या आहेत.

सुमारे पाचशे किलो वजनाचे हे जनावर ताशी साठ किलोमीटर वेगाने धावते. त्या वेळी क्षणभर सर्व भार एकाच बारीक पायावर येतो. धावपट्टीवर घोड्याचा पाय मोडला की बहुधा त्यास वेदनारहित मरण देण्यावाचून उपाय उरत नाही. परंतु असा अस्थिभंग अकस्मात होतो, ही समजूत चुकीची आहे. कॅलिफोर्निया राज्यात १९९० पासून अशा घोड्यांची शवचिकित्सा करण्यात येते. बहुतेकांच्या हाडांत मोडलेल्या जागी पूर्वीचीच इजा होती, असे तीत दिसून आले. हाडात प्रथम सूक्ष्म भेगा पडतात. विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात. न मिळाली तर वाढत जातात. म्हणजे सूचना आधीच मिळालेली असते, ती कोणी वाचलेली नसते इतकेच.

ही सूचना घोडा एकाच रीतीने देऊ शकतो, ती म्हणजे लंगडून. वेदनाशामक व सूज उतरविणारी औषधे उपचारासाठी आवश्यकच आहेत. पण शर्यत तोंडावर आली असता तीच दिली, तर घोडा लंगडत नाही, तपासणाऱ्या पशुवैद्यास काही दिसत नाही आणि जॉकीलाही धोका कळत नाही. म्हणून औषधांचे नियंत्रण हा केवळ पैज लावणाऱ्यांच्या फसवणुकीचा प्रश्न नसून घोडा व स्वार या दोघांच्या जिवाचा प्रश्न आहे.

अमेरिकेत पुष्कळशा शर्यतींत उतरलेला प्रत्येक घोडा आधी जाहीर केलेल्या किमतीस विकत घेता येतो. खरेदीची चिठ्ठी शर्यतीपूर्वी द्यावी लागते. अर्थातच दुखरा घोडा दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा मोह उत्पन्न होतो. दोष झाकून जनावर विकण्याची ही विद्या आपल्या गुरांच्या बाजारातही अपरिचित नाही. परंतु तेथे ते जनावर त्याच दिवशी पूर्ण वेगाने पळविले जाते. त्यातच प्रत्येक राज्याचे नियम निराळे असल्याने एका राज्यात बंदी आलेले औषध दुसऱ्यात चालत असे.

कॅलिफोर्नियातील सांता अनिता येथे डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एकाच हंगामात ३० घोडे दगावले. मार्च २०२० मध्ये प्रतिबंधित औषधांच्या प्रकरणी प्रशिक्षक व पशुवैद्य यांच्यासह २७ जणांवर आरोप ठेवण्यात आले. पुढे २०२१ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला मेडिना स्पिरिट हा घोडा बीटामेथासोन आढळल्याने २०२२ मध्ये अपात्र ठरला. तो निर्णय होण्यापूर्वीच, डिसेंबर २०२१ मध्ये, सरावानंतर तो मरण पावला होता.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय कायदा संमत होऊन एक राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले. सुरक्षेचे नियम जुलै २०२२ पासून व औषधांचे नियम मे २०२३ पासून अंमलात आले. उपचारांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. घोडा विकला गेल्यास ती नोंद नव्या प्रशिक्षकाकडे जाते, आणि शर्यतीनंतर घोडा मेला अथवा पशुवैद्यास लंगडा आढळला तर विक्री रद्द होते. आमच्या मते सर्व कलमांत हेच मोलाचे आहे, कारण दोष लपविण्यातील लाभच ते काढून घेते. चाबकाचे फटके सहांपर्यंत मर्यादित झाले.

२००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे दगावत. २०२४ मध्ये प्राधिकरणाखालील धावपट्ट्यांवर हे प्रमाण ०.९० होते, तर त्याबाहेरील धावपट्ट्यांवर १.७६. तरीही राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण झाले म्हणून न्यायालयांत दावे लढविले गेले, आणि टेक्सास राज्य या व्यवस्थेबाहेर राहिले. लहान धावपट्ट्यांना हा खर्च जड जातो, ही तक्रार मात्र अगदीच निराधार नाही.

वरील आकडे शर्यतींतील मृत्यूंचे आहेत. सरावातील मृत्यू निराळे मोजावे लागतात. निवृत्त घोड्यांचा प्रश्न तर बाकीच आहे. अमेरिकेतील घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तरी कत्तलीसाठी शेजारच्या देशांत घोडे पाठविण्यास कायमची कायदेशीर बंदी झालेली नाही. घोडा पंचवीस वर्षे जगू शकतो, आणि त्याची धाव बहुधा सहा-सात वर्षांच्या वयापूर्वीच संपते. पैजेच्या प्रत्येक रकमेतून ठरावीक हिस्सा त्याच्या उर्वरित आयुष्याच्या चाऱ्यासाठी व निवाऱ्यासाठी कायद्यानेच बाजूला काढला जावयास हवा.