संकटानंतर कर्मचाऱ्यांचे मनोबल : इन्फोसिस, २०१७

कंपनीवर संकट आले की आर्थिक नुकसान ताळेबंदात दिसते. कर्मचाऱ्यांचे खचलेले मन कोणत्याच रकान्यात दिसत नाही. येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवा. मनोबल म्हणजे काम करण्याची उमेद. अभिमान म्हणजे ‘मी या कंपनीत आहे’ हे चारचौघांत सांगताना वाटणारी भावना. बोनसने उमेद काही काळ वाढेल. अभिमान परत येण्यासाठी मात्र कंपनीची वागणूक पटावी लागते.

१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेलेली इन्फोसिस पाहा. २०१७ मध्ये पनाया कंपनीची खरेदी, वरिष्ठांचे वेतन आणि नोकरी सोडताना दिलेल्या रकमा यांवरून संस्थापक व संचालक मंडळ यांच्यात जाहीर वाद झाला. १८ ऑगस्टला मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला. त्या दिवशी शेअर सुमारे दहा टक्के घसरला. वाद वरच्या मजल्यावरचा. पण ग्राहकांच्या प्रश्नांना तोंड देण्याची वेळ येते ती खालच्या मजल्यावर.

पुढील पावले क्रमाने पाहा :

१. पोकळी भरणे. कंपनीत १९८६ पासून असलेले प्रवीण राव हंगामी प्रमुख झाले. २४ ऑगस्टला सहसंस्थापक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. ओळखीचा माणूस दिसला की अफवांना आळा बसतो.

२. प्रश्नाची तड लावणे. आधीच्या चौकशीचा फेरआढावा घेऊन, पनाया व्यवहारात गैरप्रकार आढळला नाही, असे मंडळाने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले.

३. दिशा ठरवणे. २ जानेवारी २०१८ रोजी सलील पारेख यांनी सूत्रे हाती घेतली.

मात्र हा नमुना सर्वत्र चालत नाही. हैदराबादच्या सत्यममध्ये हिशेबच खोटे असल्याची कबुली ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच दिली. तेथे जुना चेहरा परत आणून भागले नसते. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राची खरेदीदार म्हणून निवड झाली.

म्हणून आधी निदान करा : विश्वास माणसांवरचा उडाला आहे की व्यवस्थेवरचा? माणसांवरचा असेल तर नेतृत्व बदला. व्यवस्थेवरचा असेल तर व्यवस्था बदलून दाखवा. दोन्ही वेळी कर्मचाऱ्यांना बातमी वर्तमानपत्राआधी कंपनीकडून कळू द्या.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील एखादा साखर कारखाना किंवा सहकारी बँक अडचणीत आली, तर पहिल्या आठवड्यात कर्मचाऱ्यांना तुम्ही काय सांगाल?