खाणावळवालीचं कर्ज

महिन्याची वीस तारीख उलटली की वाण्याची वही डोळ्यांपुढे येते, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नवीन नाही. पण आपल्याकडे जेवणारी माणसं घरची आणि मोजकी. लालबाग-परळच्या चाळीत जिच्या एका खोलीत दोन्ही वेळेला पंधरा-वीस परके पुरुष जेवून जात, तिची वही कशी असेल?

गिरणगावात खाणावळी निघाल्या त्या गरजेपोटी. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे गडी गिरणीत लागले ते बहुतेक एकटेच. बायकामुलं गावी आणि इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कितीतरी. गिरणीचा भोंगा पहाटे, दुपारी आणि रात्री व्हायचा. त्या वेळा सांभाळून कुणीतरी भात-भाकरी करून घालायला हवी होती. करणारी बाई पुष्कळदा त्यांच्याच मुलखातली असे. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा दारूत बुडालेला, तर कुणी विधवा.

याआधी अशा बायका गिरणीतच कामाला जात. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग-रिळिंगच्या खात्यात. पुढे नवी यंत्रं आली. १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. बायकांना रात्रपाळीची बंदीही होतीच. कायदे आपल्या भल्याचे, पण मालकाला बाई महाग वाटू लागली आणि तिची जागा हळूहळू गेली. मग उरली चूल.

चुलीचा हा धंदा दिसायला सोपा, पण हिशेबाला फार कठीण. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, पीठ, रॉकेल, बाजारातली मासळी बाईनेच आणायची. उधारीवर घेणारीला वाणी चढा भाव लावतो आणि ती तोंड उघडू शकत नाही. रोख हवी तर सावकार. महिन्याला शेकडा दहा रुपये व्याज धरा. पंधराशे रुपये घेतले तर महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे! म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त, आणि मुद्दल जिथल्या तिथेच. भांडी, मंगळसूत्र, काय असेल ते गहाण.

हे सारं भिंतीआड चाललेलं होतं. १९७४ साली गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. संपकऱ्यांचा पगार बंद, पण पोट थोडंच बंद होतं? खाणावळवाल्यांनी त्यांना उधारीवर जेवू घातलं. संपाच्या बातम्यांत पुढाऱ्यांची नावं आली. या बायकांची कशाला येतील! गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांच्या मात्र ते ध्यानात आलं. संप चालवला गिरणी कामगारांनी, पण पेलला कुणी, हा प्रश्न त्यांना पडला आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सुरुवात शिवणवर्गाने झाली नाही. गरीब बाई म्हटली की तिला शिवणयंत्र द्यायचं ही आपल्याकडची जुनी खोड. या बायकांना काम शिकवायची गरज नव्हती. त्या आधीच पहाटेपासून राबत होत्या. अडचण होती व्याजाची.

सुदैवाने वेळही जुळून आली. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७२ पासून अगदी गरिबांना वर्षाला चार टक्के व्याजाने, तारण न घेता कर्ज देण्याची योजना निघाली होती. पण योजना कागदावर असली तरी बँकेच्या पायऱ्या चढायच्या कुणी? मंडळाने बायकांचे गट केले. एकीने दुसरीची हमी घ्यायची. कुणाकडे किती जेवणारे आहेत हे शेजारणीला पक्कं ठाऊक असतं. बँकेच्या साहेबाला ते कसं कळणार? वर मांडलेलाच हिशेब करून पाहा. चार टक्क्यांनी पंधराशे रुपयांचं वर्षाचं व्याज होतं साठ रुपये. कुठे अठराशे आणि कुठे साठ!

अहमदाबादेत सेवा संस्थेने बायकांची बँक काढली ती १९७४ साली, बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातला प्रयोग सुरू झाला १९७६ मध्ये. म्हणजे परळ काही मागे नव्हतं. फक्त गाजावाजा कमी झाला.

आता, हा उपाय पुरा पडला का? सावकारापुरता, होय. हातात रोख आली की वाण्याशी घासाघीस करता येते, वर्षाचं लोणचं-तिखट हंगामात भरून ठेवता येतं. पण गिऱ्हाईक? ते गिरणीचंच राहिलं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि या खेपेला संप बेचाळीस दिवसांनी मिटला नाही. माणसं गावी परतली, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जेवणारेच नाहीत तर स्वस्त कर्ज घेऊन चुलीवर काय ठेवायचं?

इथे गिरगावची आठवण येते. १९५९ साली तिथल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच लिज्जत. त्यांचा पापड भोंग्यावर अवलंबून नव्हता. तो देशभर गेला. कारण विक्री एकत्र होती. खाणावळवालीला कर्ज गटाने मिळालं, पण गिऱ्हाईक तिचं तिनेच सांभाळायचं होतं. पुढे अन्नपूर्णानेही एकत्र स्वयंपाक करून जेवण पुरवण्याचं काम हाती घेतलं, ते योग्यच झालं. माझ्या मते ते कर्जाच्या बरोबरीने हवं होतं.

आज दादर-परळच्या टॉवरमध्ये डबे देणाऱ्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायकाही गटाचं कर्ज घेतात. आपल्यापैकी काहीजणीही घेत असतील. तर जरा वही-पेन्सिल घ्या. ‘बारा टक्के’ म्हणून दहा हजार घेतले, वर्षभर दरमहा सारखे हप्ते आणि व्याज मात्र सबंध दहा हजारांवर बाराशे लावलं, तर खरा दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर चालू असतं. तेव्हा ‘टक्के किती?’ एवढंच विचारू नका, ‘कशावर?’ हेही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं सूक्ष्म कर्ज देताना तारण मागता येत नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. खर्चासकट खरा दर लिहिलेला कागद देणंही बंधनकारक आहे. सहीच्या आधी तो मागून घ्या, आणि घरी आणून सावकाश वाचा.