फादरला सांगितलं की झालं?

नायगाव-दादरच्या चाळींत ख्रिस्ती शेजाऱ्याला कधी ना कधी ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, ‘तुमचं बरं आहे, फादरला सांगितलं की पाप माफ. पुन्हा करायला मोकळे!’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण समज साफ चुकीचा आहे.

दादर पूर्वेचं सेंट पॉल चर्च घ्या किंवा पश्चिमेचं, १५९६ पासूनचं पोर्तुगीज चर्च, कॅथलिकांच्या कन्फेशनची रीत एकच. माणूस जाळीपाशी गुडघे टेकतो, मागचं कन्फेशन कधी झालं ते सांगतो आणि मग आपली पापं नाव घेऊन बोलतो. फादर प्रायश्चित्त नेमून देतात आणि देवाच्या नावाने पापमुक्ती उच्चारतात. मात्र मनात पश्चात्ताप नसेल, बाहेर पडून तेच करायचा बेत असेल, तर ते शब्द लागूच पडत नाहीत. शिवाय नुकसान भरून द्यावं लागतं. चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करायचं, असं कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगतं. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय हेच करतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट.

मला स्वतःला याहून कठीण वाटते ती मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि भावाचं आपल्याशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी त्याच्याशी समेट करा. म्हणजे देवाकडे जाण्याची वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते. ते दार ठोठावणं कन्फेशनपेक्षा कितीतरी अवघड, हे एकदा तरी ज्याने केलंय त्याला विचारा.

फादर ऐकलेलं बाहेर सांगतात, ही भीतीही निराधार. चर्चच्या कायद्यात ही गुप्तता मोडता येत नाही. थेट भंग करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. कन्फेशनला पैसेही पडत नाहीत. आणि सगळे ख्रिस्ती कन्फेशनला जातात असंही नाही: १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत मंडळी एकत्र पापकबुली म्हणतात.

आता सर्वांत घातक समज: क्षमा केली म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घातलं. सिस्टर राणी मारिया सावकारांच्या पाशातून आदिवासी शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी मध्य प्रदेशात झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंग याने त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. खटला चालला, जन्मठेप झाली. राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाच्या संमतीने अर्ज झाला आणि २००६ मध्ये तो सुटला. तोवर त्याने अकरा वर्षं कैद भोगली होती. क्षमेने न्यायालयाचं काम अडवलं नाही. सूड तेवढा संपवला.

हे घराघरांत नीट सांगायला हवं. मार खाणाऱ्या बाईला ‘प्रभूने सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला सांगितलंय’ असं ऐकवून परत पाठवणारे नातेवाईक आजही आहेत. त्या वचनात मार सहन करण्याची सक्ती कुठेही नाही. कॅथलिक चर्चचा कायदाही, कलम ११५३, जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा देतो. मनातला द्वेष सोडणं आणि त्याच घरात परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मजल्यावर अशी कुणी असेल तर तिला क्षमेचा उपदेश करू नका. १८१ या महिला हेल्पलाइनचा नंबर द्या आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जा.