बास गिटारचा बॉक्स : आवाजाआधी बांधणी पाहा

धान कापून खळ्यात आले, दिवाळी सरली, की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी भागातील गावांत झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या रंगभूमीचा गौरव २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने देशभर पोहोचला. नाटक असो वा ऑर्केस्ट्रा, संगीताचे सामान आज एका गावात, तर उद्या दुसऱ्या गावात. मध्यरात्री स्पीकर फाटला, तर तेथे दुरुस्तीचे दुकान उघडे नसते आणि प्रेक्षक उद्यापर्यंत थांबत नाहीत. म्हणूनच फिरत्या वादकाने बास गिटारचा बॉक्स घेताना आवाजाइतकाच टिकाऊपणाही तपासायला हवा.

चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला कंप पावते. या स्वराची लांबी हवेत आठ मीटरहून अधिक भरते. तो ऐकू यावा म्हणून स्पीकरच्या पडद्याला बरीच हवा ढकलावी लागते. हा दाब बॉक्सच्या भिंतींवरही पडतो. भिंत पातळ असेल, तर तीच थरथरू लागते, सांधे सुटतात आणि आवाजात खरखर येते.

त्यामुळे पहिला प्रश्न लाकडाचा. एमडीएफ स्वस्त असते. पण ते जड, कोपऱ्यांना ठिसूळ आणि ओलाव्याने फुगणारे असते. पूर्व विदर्भातील पावसाळा आणि हिवाळ्यातील दहिवर त्याला मानवत नाही. १५ ते १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड अधिक भरवशाचे. स्थानिक सुताराकडून बॉक्स करवून घ्यायचा असल्यास ‘आयएस ७१०’ हा मरीन प्लायचा शिक्का पाहावा. आतून आडव्या पट्ट्यांचा आधार, कोपऱ्यांना धातूची टोपणे, पुढे पोलादी जाळी आणि आत दबलेल्या मजबूत मुठी असाव्यात. स्पीकर साध्या स्क्रूऐवजी नट-बोल्टने बसवलेला असल्यास तो वारंवार काढला तरी लाकूड झिजत नाही. जोडणीसाठी फिरवून अडकणारा स्पीकॉन प्लग पायात वायर आली तरी निसटत नाही.

दुसरा प्रश्न वॅटचा. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा क्षणिक क्षमतेचा असतो. पाहायची ती सलग क्षमता, म्हणजे आरएमएस. ओहमही जुळले पाहिजेत. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले, की भार ४ ओहम होतो. अँप्लिफायर तेवढ्यासाठी बनलेला नसेल, तर तो तापून बंद पडतो.

मोकळ्या मैदानात भिंती नसल्याने बास विरळ वाटतो आणि वादक बासचे बटण पूर्ण फिरवतो. येथेच बहुतेक स्पीकर फाटतात. बास १० डेसिबलने वाढवला, की त्या पट्ट्यात दहापट शक्ती लागते. बटण पिळण्यापेक्षा बॉक्स वाढवणे शहाणपणाचे. एका अजस्र बॉक्सऐवजी दोन मध्यम बॉक्स घेतल्यास ते दोघांना सहज उचलता येतात, आणि एक बिघडला तरी दुसऱ्यावर कार्यक्रम पार पडतो.

खरेदीपूर्वी जाड तार मोकळी वाजवून हळूहळू आवाज वाढवावा आणि बॉक्सवर हात ठेवून कंप तपासावा. सांध्यांतून हवेची शीळ ऐकू आल्यास तो घेऊ नये. हंगाम संपल्यावर बॉक्स जमिनीपासून उंच फळ्यांवर, वाळवी व उंदरांपासून जपून ठेवावा. पुढच्या मंडईला पहिला स्वर स्वच्छ उमटायचा, तर ही काळजी पावसाळ्यातच घ्यावी लागते.