चमचाभर औषधाचा हिशेब

कोरड्या खोकल्याने झोप येईनाशी झाली की डॉक्टर कधी कधी एखादे पातळ औषध देतात. त्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली तर पुष्कळदा 'डेक्स्ट्रोमेथॉर्फन' हे लांबलचक नाव आढळते. गोड, दाट औषध घशाखाली उतरताना बरे वाटते, म्हणून ते घशावरच काम करीत असावे अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात हा रेणू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेतील खोकल्याच्या केंद्रावर परिणाम करतो. (नावातील 'डेक्स्ट्रो' म्हणजे उजवा. ध्रुवित प्रकाशाचे प्रतल हा रेणू उजवीकडे वळवतो. त्याची आरशातील प्रतिमा असलेला डावा रेणू मात्र मॉर्फीनच्या जातीचा मादक पदार्थ आहे!)

मेंदूपर्यंतची वाट सरळ नाही. औषध जठरातून लहान आतड्यात जाते व तेथील भित्तिकेतून रक्तात शिरते. परंतु आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. प्रतिहारी नीलेतून ते आधी यकृतात येते. हा जणू जकात नाकाच! येथे एक विकर डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या रेणूतील मेथिल गट तोडते व त्याचे डेक्स्ट्रॉर्फन बनवते. मग त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडले जाते. हा खटाटोप कशासाठी? मूळ रेणू मेदात सहज विरघळणारा आहे. मूत्रपिंडात तो गाळला गेला तरी सूक्ष्म नलिकांच्या भित्तिकांतून बराचसा पुन्हा रक्तात परततो. आम्ल जोडलेला रेणू पाण्यात विरघळतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो.

किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुकाल आपण वर्गात शिकतो. औषधांनाही तीच कल्पना लावता येते. बहुतेक लोकांत डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा अर्धायुकाल २ ते ४ तास असतो. काहींमध्ये मात्र तो एक दिवस किंवा त्याहूनही अधिक भरतो. समजा, दर ६ तासांनी १०० एकके औषध रक्तात येते. अर्धायुकाल ३ तास असेल, तर पुढच्या मात्रेपर्यंत २५ एककेच उरतात आणि चौथी मात्रा घेतल्यावर शरीरात सुमारे १३३ एकके असतात. अर्धायुकाल २४ तास धरला, तर ६ तासांनंतरही ८४ एकके शिल्लक असतात! चौथ्या मात्रेला एकूण साठा ३१४ एककांवर जातो. हे गणित स्वतः करून पाहा. वास्तवातील तफावत याहून मोठी असते, कारण दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या यकृतात पहिल्याच फेरीत होणारी तोडफोडही कमी असते. अशा माणसाला नेहमीच्या मात्रेनेही गुंगी किंवा चक्कर येऊ शकते.

हा फरक ध्यानात आला तो एका रक्तदाबाच्या औषधामुळे. १९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात रॉबर्ट स्मिथ व त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या औषधाचा अभ्यास करीत होते. सर्वांनी ते स्वतःवरच प्रयोग म्हणून घेतले. इतरांना विशेष काही झाले नाही, पण स्मिथ यांचा रक्तदाब एकदम घसरला. त्यांच्या मूत्रात औषध जवळजवळ जसेच्या तसे सापडले. पुढे कुटुंबांच्या तपासणीतून हा गुण आनुवंशिक असल्याचे दिसले. आज त्या विकराला सीवायपी २डी६ म्हणतात, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा मेथिल गट तोडणारे विकर हेच. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे ५ ते १० जणांत ते काम करीत नाही. भारतीयांत हे प्रमाण कमी आढळले आहे.

गंमत अशी, की आता हे विकर तपासण्यासाठी खोकल्याचे हेच औषध वापरतात. थोडे औषध द्यायचे, काही तासांचे मूत्र जमा करायचे आणि त्यातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन व डेक्स्ट्रॉर्फन यांचे गुणोत्तर काढायचे.

विकर जन्मतः चांगले असले म्हणजे झाले, असेही नाही. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीनसारखी काही औषधे त्यालाच अडवून बसतात. अशा वेळी वेगाने निचरा करणारा माणूस तात्पुरता मंद गटात जातो. शिवाय ही दोन औषधे एकत्र आल्याने मेंदूतील सेरोटोनिनचा परिणाम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. फ्लुओक्सेटीन शरीरातून इतके सावकाश जाते, की ते बंद केल्यावरही काही आठवडे ही अडवणूक चालू राहते.